मांगाची मालिका निवडताना, वाचताना आणि विकत घेताना: पायऱ्यांचा क्रम चुकवू नका

कुणाच्या तरी 'टॉप टेन'मधलं पहिलं नाव उचलायचं, सेलमध्ये पाच व्हॉल्यूम एकदम मागवायचे, दुसऱ्याच्या मध्यावर कंटाळायचं आणि मग जाहीर करायचं, "शोनेन आपल्याला झेपत नाही." मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अर्धवट सोडणाऱ्यांचा हा ठरलेला प्रवास. यात मुलग्यांच्या नियतकालिकांतलं हे शोनेन बिचारं उगाच बदनाम होतं. आधी मोजायचं, मग चाखायचं, मग विकत घ्यायचं, असा खरा क्रम आहे. तो उलटा झाला की पैसे जातात आणि चांगली मालिकाही नावडती होते.

पुढचं सगळं इंग्रजी भाषांतरातली मांगा आणि मुंबईतला वाचक धरून लिहिलं आहे.

## तयारी: तीन आकडे आधी लिहून काढा

कागद घ्या, नाहीतर फोनवर टिपा. आठवड्याला वाचायला किती तास आहेत, महिन्याला किती रुपये काढता येतील आणि कपाटात किती सेंटीमीटर जागा रिकामी आहे? तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात आणि वन रूम किचनमध्ये नंतर तोच नडतो.

नेहमीच्या आकाराचा इंग्रजी व्हॉल्यूम साधारण १९ सेंटीमीटर उंच, पावणेतेरा सेंटीमीटर रुंद आणि दीड ते दोन सेंटीमीटर जाड असतो. त्यात दोनशेच्या आसपास पानं असतात. म्हणजे २३ व्हॉल्यूमच्या 'डीमन स्लेयर'ला सुमारे ४० सेंटीमीटर जागा लागते. ७२ व्हॉल्यूमचा 'नारुतो' सव्वा मीटरच्या फळीवर मावतो, तोही जेमतेम.

मारामारीच्या मालिकेचा एक व्हॉल्यूम पाऊण ते एका तासात उरकतो. 'डेथ नोट'सारखं संवादांनी खचाखच भरलेलं काही असेल तर दीड-दोन तास धरा. थोडक्यात, चर्चगेटहून विरारला बसून जायला मिळालं तर एका फेरीत एक व्हॉल्यूम होतो. उभ्याने लोंबकळत जाणाऱ्यांनी मांगा फोनवरच वाचावी, कारण पुस्तक धरायला दोन हात लागतात.

सुट्या व्हॉल्यूमची किंमत हल्ली बहुधा चारशे ते सहाशेच्या घरात असते. २३ ला ५०० ने गुणलं की साडेअकरा हजार. हा आकडा बघूनच पुढे जा.

तपासा: तिन्ही आकडे लिहिलेत? नसतील तर पुढच्या पायऱ्या वाचून उपयोग नाही. निवड यांच्यावरच होणार आहे.

## पायरी १: लेबल आणि जॉनर वेगळे करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शोनेन म्हणजे मुलगे, शोजो म्हणजे मुली, सेइनेन म्हणजे तरुण पुरुष आणि जोसेइ म्हणजे स्त्रिया. ही चार नावं जॉनरची, म्हणजे कथाप्रकाराची, नाहीत. कथा मुळात कोणत्या वाचकवर्गाच्या मासिकात किंवा साप्ताहिकात आली, एवढंच ती सांगतात. 'किशोर'मध्ये एखादी गोष्ट छापून आली म्हणजे ती कुमारवयीन मुलांसाठी आहे एवढं कळतं. ती विनोदी आहे, साहसाची आहे की भुताची, ते गोष्ट वाचल्यावरच कळतं. तसंच हे.

'डेथ नोट' 'वीकली शोनेन जंप'मध्ये आली, पण तिच्यात हाणामारी जवळजवळ नाही. सगळी लढाई डोक्यात चालते. त्याच साप्ताहिकात व्हॉलीबॉलवरची 'हायक्यू' आली. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये माणसं चावून खाल्ली जातात, तरी तीही शोनेनच. 'बनाना फिश' शोजो मासिकात आली आणि ती न्यूयॉर्कच्या टोळ्यांची गुन्हेगारी कथा आहे. सर्वांत बोलकी जोडी 'यंग ॲनिमल' या सेइनेन नियतकालिकाची: एकीकडे रक्ताने माखलेली 'बर्सर्क', दुसरीकडे शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळणाऱ्या एकट्या पडलेल्या मुलाची हळुवार 'मार्च कम्स इन लाइक अ लायन'. दोन्ही एकाच नियतकालिकात.

म्हणून "मला सेइनेन सुचवा" असं विचारलं की उत्तरं दहा दिशांनी येतात. दोन भागांत विचारा: विषय कोणता आणि चाल कशी. "खेळ, वेगवान." "गूढ, संथ, पण शेवट पक्का." "घरगुती, विनोदी, मारामारी नको." उत्तर लगेच नेमकं येतं.

सावधान: पालकांनी शोनेन म्हणजे बालसाहित्य समजू नये. इंग्रजी मांगा काढणाऱ्या व्हिझ या प्रकाशनाच्या पुस्तकांवर मागच्या बाजूला वयाची खूण असते: टी म्हणजे तेरा वर्षांपुढे, टी प्लस म्हणजे सोळापुढे, एम म्हणजे अठरापुढे. सातवीतल्या मुलाला वाढदिवसाला 'चेनसॉ मॅन' देण्याआधी ही खूण बघा. ती टी प्लस आहे.

## पायरी २: तीन नावं निवडा, आणि लांबी मोजून घ्या

यादी पन्नास नावांची असू दे. कागदावर फक्त तीन उतरवा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: एकूण व्हॉल्यूम, संपली की चालू, चालू असेल तर नियमित येते का, आणि वयाची खूण.

लांबी प्रकरणांत मोजू नका, व्हॉल्यूममध्ये मोजा. 'डेथ नोट' १०८ प्रकरणांची आणि 'फुलमेटल अल्केमिस्ट'ही १०८ प्रकरणांची. जपमाळेचे मणीच जणू. पण पहिलीचे व्हॉल्यूम १२ आणि दुसरीचे २७. कारण पहिली साप्ताहिकात येत होती, तिथे एक प्रकरण वीसेक पानांचं. दुसरी मासिकात, तिथे एकेक प्रकरण चाळीसच्या वर. "१०८ प्रकरणंच तर आहेत" म्हणून बजेट आखलं तर दुप्पट खर्च अंगावर येतो.

पहिल्या मालिकेसाठी आमचं सरळ मत: संपलेली आणि तीस व्हॉल्यूमच्या आतली घ्या. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे आणि शंभरच्या वर व्हॉल्यूम झालेत. उत्तम आहे, पण पहिली मालिका म्हणून नको. पोहायला शिकताना कुणी थेट समुद्रात उडी मारत नाही.

रखडलेल्या मालिका वेगळ्या खुणेने दाखवा. 'नाना' २००९ पासून २१ व्हॉल्यूमवर थांबली आहे. 'वॅगाबाँड' २०१५ पासून ३७ वर. 'बर्सर्क'च्या निर्मात्याचं २०२१ मध्ये निधन झालं; २०२२ पासून त्यांचा स्टुडिओ ती पुढे नेतो आहे. या वाईट नाहीत. 'वॅगाबाँड'ची चित्रं तर बघतच राहावी अशी आहेत. पण शेवट मिळेलच या अपेक्षेने घेतल्या तर चिडचिड ठरलेली.

काही नावांत फसगत आहे, ती आधीच लक्षात ठेवा:

- 'टोकियो घूल' १४ व्हॉल्यूमला संपत नाही. पुढची गोष्ट 'टोकियो घूल: री'च्या १६ व्हॉल्यूममध्ये आहे.
- 'ड्रॅगन बॉल' जपानमध्ये एकच, ४२ व्हॉल्यूमची मालिका. इंग्रजीत ती १६ व्हॉल्यूम 'ड्रॅगन बॉल' आणि २६ व्हॉल्यूम 'ड्रॅगन बॉल झी' अशी दोन नावांनी निघाली. झीपासून सुरुवात करणारे गोष्टीच्या मध्यात पडतात.
- 'ट्वेंटिएथ सेंच्युरी बॉइज'चा खरा शेवट 'ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी बॉइज' या वेगळ्या नावाखाली आहे.
- 'डेथ नोट १३' हा कथेचा भाग नाही, ते माहितीपुस्तक आहे.

## पायरी ३: पैसे न घालता चाखा

शुएइशा या प्रकाशनाच्या 'मांगा प्लस'वर बहुतेक मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं अधिकृतपणे फुकट वाचता येतात. व्हिझचं 'शोनेन जंप' ॲप भारतात चालतं. महिन्याची वर्गणी एका व्हॉल्यूमपेक्षा स्वस्त पडते आणि जुन्या मालिकाही उघडतात. चोरीच्या साइटवर वाचण्याचा तोटा फक्त नैतिक नाही. तिथली भाषांतरं प्रकरणागणिक वेगवेगळ्या लोकांनी केलेली असतात. एकाच पात्राचं नाव तीन प्रकारे येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, कथाच गोंधळलेली आहे.

तिन्ही नावांची पहिली तीन-तीन प्रकरणं वाचा. एकाच बैठकीत नको, वेगवेगळ्या दिवशी. लागोपाठ वाचलं की दुसरी मालिका नेहमी पहिलीच्या तुलनेत फिकी किंवा भडक वाटते.

सावधान: ताजी तीन प्रकरणं फुकट आहेत म्हणून उघडू नका. आपल्याच हाताने शेवट फोडून घ्याल.

## पायरी ४: पान वाचायला शिका

"चित्रं छान आहेत, पण काय चाललंय कळत नाही" ही तक्रार बहुधा चौकटींचा क्रम चुकल्याची असते. यावर एकदाच अर्धा तास घालवा.

पुस्तकाचा कणा उजव्या हाताला येईल असं धरा. म्हणजे आपल्याला जे मागचं मुखपृष्ठ वाटतं तिथून सुरुवात. प्रत्येक पान उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होतं, रांग डावीकडे जाते आणि पुढची रांग पुन्हा उजवीकडून सुरू होते. फुग्यांनाही हाच नियम. फुग्याच्या आतली इंग्रजी अक्षरं मात्र डावीकडून उजवीकडे. सुरुवातीला डोकं भंडावतं ते यानेच.

आता एक पान डोळ्यांसमोर आणा. उजवीकडे एक उंच, उभी चौकट. तिच्या डावीकडे, एकाखाली एक, दोन छोट्या चौकटी. खाली पूर्ण रुंदीची एक. क्रम असा: उजवीकडची उंच, मग डावीकडची वरची, डावीकडची खालची, शेवटी तळाची रुंद. हेच उलटं असेल, म्हणजे उजवीकडे दोन छोट्या आणि डावीकडे उंच, तर आधी उजवीकडच्या दोन्ही वरून खाली संपवायच्या आणि मग डावीकडच्या उंच चौकटीकडे जायचं.

गोंधळ झाला तर चौकटींमधल्या पांढऱ्या फटींकडे बघा. बहुतेक मांगांत दोन रांगांमधली आडवी फट रुंद असते आणि रांगेतल्या चौकटींमधली उभी फट अरुंद. रुंद फट म्हणजे "इथे रांग संपली". हे एकदा दिसायला लागलं की क्रम आपोआप लागतो.

आणखी चार खुणा:

- चौकटींमागची जागा काळी झाली की बहुधा भूतकाळ चालू आहे.
- काटेरी फुगा म्हणजे ओरडणं, तुटक रेषेचा म्हणजे कुजबुज, चौकोनी म्हणजे निवेदन किंवा मनातलं.
- दोन पानांवर पसरलेलं चित्र उजव्या पानापासून वाचायचं. मध्ये शिवणीत शब्द अडकले असतील तर पुस्तक मोडेपर्यंत ताणू नका, डिजिटल प्रत बघा.
- नावामागची सान, कुन, चान, सामा ही शेपटं दुर्लक्षू नका. आडनाव-सान म्हणणारी मुलगी एके दिवशी नुसतं पहिलं नाव घेते, तेव्हा इंग्रजीत काहीच घडत नाही. पण ते आपल्याकडे 'अहो'वरून 'अरे'वर येण्याइतकं मोठं असतं. प्रेमकथांमध्ये अर्धं नाट्य इथेच असतं.

तपासा: एक प्रकरण वाचून झाल्यावर शेवटच्या पानावर कोण कुठे उभं आहे हे न बघता सांगता येतं का? येत नसेल तर ते प्रकरण पुन्हा वाचा, पुढचं नको.

## पायरी ५: थांबायची जागा आधीच ठरवा

किती वाचून सोडायचं, हा प्रश्न प्रत्येक जॉनरला वेगळा. एकच नियम सगळ्यांना लावला की अन्याय होतो.

लढाईच्या मालिका: तीन व्हॉल्यूम द्या. साप्ताहिकात वाचकांची पसंती सतत मोजली जाते आणि मागे पडलेली मालिका लवकर गुंडाळली जाते. त्यामुळे सुरुवातीची प्रकरणं लक्ष खेचायला धडपडतात: विनोद जास्त, शत्रू सुटे-सुटे, मोठी गोष्ट अजून दूर. पहिला मोठा कथाभाग सुरू झाल्यावरच मालिकेचा खरा चेहरा दिसतो.

खेळ: पहिला पूर्ण अधिकृत सामना संपेपर्यंत. सरावाच्या प्रकरणांवर निकाल देऊ नका. आणि खेळ माहीत नाही म्हणून घाबरू नका. 'स्लॅम डंक'चा नायकसुद्धा बास्केटबॉलमध्ये कोराच असतो, नियम त्याच्याबरोबर शिकायला मिळतात.

गूढ आणि थरार: दोन व्हॉल्यूम. 'मॉन्स्टर' १८ व्हॉल्यूमची आहे आणि धागे फार सावकाश जोडते. पण दुसऱ्याच्या शेवटी उत्सुकता नसेल तर पुढेही नसेल.

भयकथा: एकच प्रकरण पुरे. 'उझुमाकी'ची सुरुवातीची बरीच प्रकरणं जवळजवळ स्वतंत्र कथा आहेत आणि सगळी मालिका इंग्रजीत एकाच जाड खंडात मिळते. मांगा-भय आपल्याला सोसतं का, हे बघायला याहून स्वस्त चाचणी नाही. जेवताना वाचू नका.

प्रेमकथा: दोन व्हॉल्यूम, पण प्रश्न वेगळा विचारा. "ते एकत्र येतील का" हे पहिल्या पानावरच कळलेलं असतं. आजूबाजूची माणसं खरी वाटतात का, ते बघा. 'फ्रूट्स बास्केट'चे पहिले दोन व्हॉल्यूम विनोदी आणि हलके आहेत. घराण्यातली दुखणी नंतर उघडतात. इथे घाई करणाऱ्यांनी निदान पाच वाचावेत.

इसेकाई, म्हणजे दुसऱ्या जगात जाऊन पडणाऱ्या नायकाच्या कथा: पहिला व्हॉल्यूम जवळजवळ सगळ्यांचा सारखाच असतो. मरण, नवं जग, अचाट शक्ती. निकाल दुसऱ्यावर द्या. त्या शक्तीला काही मर्यादा आहे का? जगाला स्वतःचे नियम आहेत का? दोन्ही उत्तरं नाही असतील तर खुशाल सोडा. यातल्या पुष्कळ मालिका मूळ लाइट नॉव्हेलवरून, म्हणजे तरुणांसाठीच्या छोट्या कादंबऱ्यांवरून, चित्रित झालेल्या असतात, त्यामुळे कथेचा राग चित्रकारावर काढू नका.

रोजच्या जगण्याच्या मालिका: तीन प्रकरणं. यांत नंतर काही "सुरू" होत नाही. तिसऱ्या प्रकरणात चेहऱ्यावर हसू नसेल तर विसाव्यातही नसेल.

## पायरी ६: ॲनिमे बघून आला असाल तर

"सीझन संपला, आता कितव्या प्रकरणापासून वाचू?" याचं उत्तर मिळालं तरी तिथून एक व्हॉल्यूम मागे जा. ॲनिमेत, म्हणजे मांगावरून केलेल्या ॲनिमेशन मालिकेत, प्रसंग मागेपुढे होतात, छोटी प्रकरणं गळतात आणि पुढे त्याच गळलेल्या तपशिलावर काहीतरी उभं राहतं. 'डीमन स्लेयर'चा रेल्वेगाडीचा भाग सातव्या-आठव्या व्हॉल्यूममध्ये आहे. चित्रपट बघून नवव्यापासून सुरू करण्यापेक्षा आठवा हातात घ्या.

काही ठिकाणी मधूनच सुरुवात करणं शक्यच नसतं. 'फुलमेटल अल्केमिस्ट'चा २००३ चा ॲनिमे मूळ मांगा संपायच्या आधीच आला आणि त्याने स्वतःची वेगळी वाट धरली. २००९ चा 'ब्रदरहूड' मांगाच्या मागोमाग जातो. पहिला बघितलेल्यांनी पहिल्या व्हॉल्यूमपासूनच वाचावं. 'टोकियो घूल'च्या ॲनिमेचा दुसरा सीझनही असाच भरकटलेला.

## पायरी ७: आवृत्ती जुळवा, मगच मागवा

एकाच मालिकेच्या दोन-तीन आवृत्त्या बाजारात असतात आणि नावं सारखी दिसतात. 'डेथ नोट'ची ब्लॅक एडिशन सहा खंडांची आहे, प्रत्येक खंडात दोन व्हॉल्यूम. तिचा पहिला खंड वाचून साधा 'डेथ नोट २' मागवला तर वाचलेलंच पुन्हा हातात पडतं. साधा तिसरा हवा. दुसऱ्या एखाद्या मालिकेची थ्री-इन-वन, म्हणजे एका खंडात तीन व्हॉल्यूमची, आवृत्ती असेल तर पहिल्यानंतर साधा चौथा.

हिशेब इतका सरळ नेहमी नसतो. 'फुलमेटल अल्केमिस्ट'चे मूळ २७ व्हॉल्यूम कडक पुठ्ठ्याच्या फुलमेटल एडिशनमध्ये १८ खंडांत बसवले आहेत. म्हणजे एका खंडात साधारण दीड व्हॉल्यूम. या दोन आवृत्त्या मिसळल्या की एखादं प्रकरण दोनदा येतं, एखादं येतच नाही.

थ्री-इन-वन स्वस्त पडते, जागाही वाचवते. पण कागद पातळ, खंड जाड, आणि कण्याजवळचे फुगे शिवणीत जातात. 'वॅगाबाँड'सारख्या चित्रांसाठी मोठ्या आकाराची आवृत्ती घ्यावी. 'नारुतो'ला थ्री-इन-वन चालते.

तपासा: ऑर्डर करण्याआधी नाव, व्हॉल्यूम क्रमांक, आवृत्ती आणि पानांची संख्या. दोनशेच्या जागी चारशे-सहाशे पानं दिसली तर ती जोडआवृत्ती आहे.

## पायरी ८: नकली प्रत हातात ओळखा

फोर्टमधलं किताबखाना असो वा उपनगरातलं मॉलमधलं दुकान, पहिला व्हॉल्यूम शक्यतो हातात घेऊन बघावा. जुन्या पुस्तकांसाठी माटुंग्याचं किंग्ज सर्कल आणि फ्लोरा फाउंटनच्या आसपासचे विक्रेते आहेत. तिथे सुटे व्हॉल्यूम मिळतात, सलग संच क्वचित. ऑनलाइन 'पूर्ण संच, बाराशे रुपये' दिसलं तर गणित करा: तेवीस व्हॉल्यूम, प्रत्येकी बावन्न रुपये. या पैशांत आजकाल वहीही धड येत नाही.

पुस्तक हातात आल्यावर क्रमाने बघा:

१. मागच्या बारकोडखालचा तेरा आकडी आयएसबीएन फोनवर शोधा. मालिकेचं नाव आणि व्हॉल्यूम क्रमांक, दोन्ही जुळायला हवेत.

२. एखादं राखाडी छटेचं पान डोळ्यांजवळ धरा. संध्याकाळचं आकाश किंवा कोटाची बाही असेल तर उत्तम. मांगातला राखाडी म्हणजे बारीक काळ्या ठिपक्यांची जाळी, तिला स्क्रीनटोन म्हणतात. अस्सल प्रतीत ठिपके सुटे दिसतात. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत ते एकमेकांत मिसळून डाग पडतात, नाहीतर पाण्यावरच्या लाटांसारखी नको ती नक्षी उमटते. ही खूण लपवता येत नाही.

३. भरीव काळा भाग बघा. केस, रात्र, सावली. नकली प्रतीत हा काळा राखाडीकडे झुकलेला आणि ठिकठिकाणी विरळ असतो.

४. पानाच्या बाहेरच्या कडा. फुग्यातली अक्षरं कापली गेली असतील तर संशय पक्का.

५. कॉपीराइटचं पान आहे का, आणि ते वाचता येतं का.

६. पानांचा क्रम सलग आहे का. मधलं सोळा-बत्तीस पानांचं फर्मं उलटं शिवलेलं किंवा गायब असू शकतं. हे अस्सल प्रतीतही क्वचित घडतं, पण ती बदलून मिळते.

सावधान: 'भारतात छापलं' एवढ्यावरून नकली ठरवू नका. भारतीय उपखंडासाठी परवानगीने छापलेल्या प्रतीही असतात. कागदाची छटा आणि उंची किंचित वेगळी असल्याने कपाटात त्या डोळ्याला खटकतात, इतकंच. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. परत करताना तोच कामाला येतो.

## पायरी ९: मग मत द्या

ग्रुपवर जॉनरबद्दल भांडण सुरू करण्याआधी तीन गोष्टी लिहायची सवय लावा: कोणती मालिका, कितव्या व्हॉल्यूमपर्यंत, मांगा की ॲनिमे. "इसेकाई टुकार" यावर कुणी काही बोलू शकत नाही. "अमुक मालिका चौथ्या व्हॉल्यूमपर्यंत वाचली, नायक एकदाही हरला नाही" यावर चर्चा होते आणि उत्तरात चांगलं काहीतरी सुचवलंही जातं.

अख्ख्या जॉनरला नावं ठेवायची असतील तर त्यातल्या निदान तीन मालिका, तीन वेगळ्या नियतकालिकांतल्या, वाचलेल्या असाव्यात. तिन्ही 'जंप'मधल्या असतील तर तुमचं भांडण 'जंप'च्या संपादकांशी आहे.

स्पॉयलरचं वेळापत्रकही लक्षात ठेवा. जपानमध्ये सोमवार उजाडतो तेव्हा मुंबईत रविवारी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि 'जंप'ची नवी प्रकरणं साधारण तेव्हाच अधिकृतपणे उघडतात. फुटलेली पानं त्याआधीच फिरायला लागतात. ग्रुपवर नियम करा: नवं प्रकरण मंगळवार रात्रीपर्यंत उघड बोलायचं नाही, आणि फक्त व्हॉल्यूम वाचणाऱ्यांसाठी वेगळा ग्रुप. बरीच प्रकरणं मागे असतात ते.

## पायरी १०: पावसाळ्याच्या आत कपाट लावा

मांगाचा कागद हलका, लगद्याचा. ओल पटकन शोषतो आणि पिवळा पडतो. हे काम मेच्या शेवटी उरकायचं, जूनच्या पहिल्या सरीनंतर नाही.

फळी बाहेरच्या भिंतीला लावू नका. ज्या भिंतीला ओल येते तिथे तर मुळीच नाही. पर्याय नसेल तर मागे चार-पाच सेंटीमीटर जागा सोडा म्हणजे हवा खेळते. व्हॉल्यूम उभे ठेवा, आणि एक काढताना शेजारचे दोन सोबत ओढले जाणार नाहीत इतके सैल. उन्हाची तिरीप येत असेल तर पडदा. कण्यावरचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो.

नव्या पुस्तकाचं प्लॅस्टिक काढून टाका. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि बुरशी त्याच पिशवीत धरते. बॉक्स सेटच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांनी ओल शोषून घेतली, बदलायची वेळ आली. डांबर गोळ्या थेट पुस्तकांत टाकू नका. कसर पळते, पण वास वर्षभर पानांतून जात नाही.

पुस्तक भिजलंच तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. शाई समोरच्या पानावर उमटते. दर दहा-बारा पानांमागे टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर सरकवा, पंख्याखाली उभं ठेवा, दोन-तीन तासांनी कागद बदला. इस्त्री नको, हेअर ड्रायर नको. जवळजवळ कोरडं झालं की दोन सपाट पाटांमध्ये दाबून रात्रभर ठेवा. तरी पानं थोडी लाटांसारखी वळलेली राहतात.

बुरशीचे ठिपके दिसले तर तो व्हॉल्यूम आधी कपाटातून वेगळा काढा, नाक-तोंड झाकून बाल्कनीत न्या, पूर्ण कोरडा झाल्यावरच मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलं तर डाग कागदात मुरतो. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की सगळा संच एकदा बाहेर काढून सावलीत, पानं किंचित उघडून, दोन तास उभा ठेवा. तोवर फळीचा मागचा कोपरा हाताने चाचपून बघा, ओल तिथेच दडलेली असते.